आधी मी बघून येतो

कुठलीही गोष्ट घरच्यांच्या गळ्यात घालण्याआधी ती स्वतः तपासून बघायची, ही माझी जुनी खोड. विमा कंपनीच्या क्लेम विभागात उभी हयात गेल्यामुळे असेल, पण कागद बघितल्याशिवाय आणि माणूस पारखल्याशिवाय माझा कशावरही विश्वास बसत नाही. मेव्हणीच्या लग्नासाठी कार्यालय ठरवायचं होतं तेव्हा ‘आधी मी बघून येतो’ म्हणून निघालो. तिथे दुसऱ्याच कोणाचं तरी लग्न चालू होतं. वधूकडच्यांनी मला वराकडचा समजून टोपी-उपरणं दिलं, वराकडच्यांनी वधूकडचा समजून आग्रह करकरून जिलबी वाढली, आणि मठ्ठ्याचे तीन पेले रिचवून, कार्यालयाचं भाडं विचारायचं तेवढं विसरून मी घरी परतलो. हिच्या दाढेसाठी डेंटिस्ट बघायला गेलो, तर त्याच्या खुर्चीची चौकशी करता करता खुर्चीत बसलो, तो ‘आ करा’ म्हणाल्यावर सभ्य माणूस म्हणून आ केला, आणि स्वतःची बरी चाललेली दाढ रुमालात बांधून परत आलो. हिची अजून दुखते.

पुढचं ऐकताना एवढी पार्श्वभूमी असू द्या.

तर आमचा भाचा. धाकट्या बहिणीचा, म्हणजे बेबीचा मुलगा. (बेबी आता पंचावन्नची आहे, पण आमच्याकडे बारशाला जे चिकटतं ते सुटत नाही.) पोरगा सांगलीचा, हिंजवडीत नोकरी करणारा, वाकडला दोघातिघांत फ्लॅट घेऊन राहणारा. हुशार, अबोल, आणि आमच्याकडे जेवला की आपलं ताट आपण घासून पालथं घालणारा, त्यामुळे हिच्या लेखी देवमाणूस. बेबीनं त्याच्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. बायोडेटा छापून झाला होता, गोत्रापासून पॅकेजपर्यंत सगळं त्यात होतं, आणि दर थोड्या दिवसांनी पोराला सांगलीला बोलावून कुणाच्या तरी घरी पोहे खायला नेलं जात होतं. तो जायचा, पोहे संपवायचा, वाकडला परत येऊन नकार कळवायचा. ‘एवढं काय कमी आहे मुलीत?’ बेबी मला फोनवर विचारायची. मी म्हणायचो, मीठ कमी असेल पोह्यात. बेबी हसायची नाही.

एका रात्री त्याचा फोन आला. मी माकडटोपी घालून नुकताच आडवा झालो होतो. “मामा, बोलायचंय जरा,” असं म्हणून त्यानं एका दमात सांगून टाकलं. त्याला मुलगे आवडतात. कॉलेजपासून माहीत आहे. घरी सांगायची हिंमत नाही. पुढच्या रविवारी जिला बघायला जायचंय ती मुलगी चांगली आहे, तिला फसवायचं नाही. कित्येक रात्री धड झोप नाही. आणि हल्ली वाटतं की आपण नसतोच, तर सगळ्यांचंच सोपं झालं असतं. हे शेवटचं तो इतक्या साध्या आवाजात बोलला की माझ्या पोटात खड्डा पडला. अशा वेळी काय बोलायचं असतं? आमच्या क्लेम विभागात प्रकरण टेबलावर यायचं तेव्हा सगळं होऊन गेलेलं असायचं. व्हायच्या आधी काय करायचं, याचा फॉर्मच नव्हता. मी घसा खाकरला, आवाजात मामेपणा आणला, आणि विचारलं,

“जेवलास का?”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, “नाही.”

“मग थांब. मी येतो.”

हिला सांगितलं, भाच्याला ताप आहे. हिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं, आणि थर्मामीटर, तापाच्या गोळ्या, वरणभाताचा डबा आणि लिंबाचं लोणचं असं पिशवीत भरून दिलं. मी माकडटोपीवर हेल्मेट चढवून, एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात हिची चप्पल घालून सहकारनगरपासून वाकडपर्यंत स्कूटर हाणली. त्यानं दार उघडलं. त्याचा चेहरा बघितल्यावर वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली, तेव्हा मी पिशवीतून हाताला लागेल ते काढलं आणि त्याच्या जिभेखाली ठेवलं. ते थर्मामीटर होतं. तो पारा चढेपर्यंत आम्हा दोघांनाही बोलायची गरज पडली नाही. “ताप नाहीये तुला,” मी म्हणालो. “माहीत आहे,” तो म्हणाला आणि रडायला लागला. मग मला रडू आलं. थोड्या वेळानं त्यानं उठून मला पाणी दिलं.

त्याच रात्री त्याला मागे बसवून घरी आणलं. हिनं हॉलमध्ये गादी घातली, काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही, कारण ‘कोणाला म्हणजे कोणालाही सांगू नकोस’ असं त्यानं मला वाटेत दोनदा बजावलं होतं. आता प्रश्न डॉक्टरचा.

मराठी मध्यमवर्गाकडे डॉक्टर शोधायची एकच पद्धत आहे, आणि ती म्हणजे ओळख. गॅसचा नंबर, शाळेतला प्रवेश, देवगडची पेटी, गुडघ्याचा सर्जन आणि सून, हे सगळं आपण ‘कोणी ओळखीचं आहे का हो?’ या एका प्रश्नावर मिळवलेलं असतं. ओळखीनं अर्ध्या तासात गावातला उत्तम डॉक्टर मिळतो, हे खरंच. पण त्याच अर्ध्या तासात तुमच्या मूतखड्याचं मिलिमीटरमधलं माप निम्म्या गावाला पाठ झालेलं असतं. मूतखड्याला ते चालतं. इथे मात्र ज्या बातमीच्या धाकानं पोराची झोप उडाली होती, तीच बातमी दारोदार फिरवून त्याच्यासाठी झोपेचा बंदोबस्त करायचा होता. मी पुष्कळ विचार केला, आणि नाव न फोडता काम साधायची एक युक्ती शोधून काढली.

“माझा एक मित्र आहे,” मी सकाळी तळजाईवर आमच्या फिरण्याच्या ग्रुपला म्हणालो. “त्याला, म्हणजे, पुरुषांविषयी ओढ आहे. सध्या फार खचलाय. चांगला डॉक्टर माहीत आहे का कोणाला?”

ग्रुप थांबला. पावसानं, कुत्र्यांनी आणि बिबट्याच्या अफवेनंही जो कधी थांबला नव्हता, तो ग्रुप टेकडीच्या चढावर थांबला.

“वय काय मित्राचं?” निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं. भाच्याचा संशय येऊ नये म्हणून मी म्हणालो, “माझ्याच वयाचा धरा.”

“लग्न?”

“झालंय.”

“राहायला?”

“सहकारनगरला.”

“नोकरी?”

“होती. विमा कंपनीत.”

आयुष्यभर लोकांकडून रकाने भरून घेतल्यामुळे कोणी ओळीनं प्रश्न विचारायला लागलं की माझ्या तोंडून खरी उत्तरं आपोआप येतात. मित्राचा फ्लॅट नंबर तेवढा सांगायचा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून एक गृहस्थ माझ्यापासून हातभर लांब चालायला लागले, आणि दुसरे, जे एरवी लांब चालायचे, ते जवळ आले. मुख्याध्यापकांनी खांद्यावर हात ठेवून ‘मित्राला म्हणावं, प्राणायाम सोडू नकोस’ असा निरोप दिला. कोपऱ्यावरच्या केमिस्टनं बीपीच्या गोळ्यांबरोबर अश्वगंधाची बाटली न मागता पुढे सरकवली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये माझ्याशी हवामानावर गप्पा मारल्या, पण पहिल्या मजल्यावरच उतरले. राहतात चौथ्यावर.

आणि एके सकाळी ग्रुपमधले पाटबंधारे खात्यातले इंजिनियर, जे चालताना कधी कुणाशी फारसं बोलत नसत, त्यांनी मला बाकावर बसवून वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन पुस्तकं हातात दिली. वरचं होतं ‘पार्टनर’.

“वाचलंय हो,” मी म्हणालो. “वपुंचं ना? फार छान.”

“हे वपुंचं नाही. बिंदुमाधव खिऱ्यांचं आहे. आपल्या पुण्यातच २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला त्यांनी, या लोकांसाठी. आणि खालचं ‘मनाचिये गुंती’. त्यात अशा मुलामुलींच्या आईवडिलांनी स्वतःचे अनुभव सांगितलेत.” मग रस्त्याकडे बघत ते म्हणाले, “मुलानं आणून दिली होती मला. वाचायला मी फार वेळ लावला. तुमच्या मित्राला म्हणावं, सावकाश वाच, परत करायची घाई नाही.”

इतकी वर्षं आम्ही रोज बरोबर चालत होतो. प्रोस्टेट, पवार आणि पार्किंग सोडून आमच्यात कधी चौथा विषय निघाला नव्हता.

पण पुस्तकांनी माझं समाधान होईना. मला माणूस पारखायचा होता, आणि खचलेल्या पोराला पारखायला पाठवायचं नव्हतं. तेव्हा ठरलं. आधी मी बघून येतो. पेशंट म्हणून.

पहिल्या डॉक्टरांची पाटी मोठी होती आणि वेटिंग रूममध्ये मासे होते. “मला पुरुष आवडतात,” मी, भूक लागत नाही म्हणून सांगावं त्या सुरात सांगितलं. डॉक्टरांनी मान न उचलता लिहायला घेतलं आणि विचारलं, “लग्न करायचा विचार केलाय का?”

“झालंय.”

“कधी?”

“तीस वर्षं होऊन गेली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडे या दुखण्यावर जे एकमेव औषध होतं, ते मी तीस वर्षं रोज घेत आलो होतो. त्यांनी थोडा वेळ माशांकडे बघितलं आणि म्हणाले, “मग असं करा. मिसेसना घेऊन महाबळेश्वरला जाऊन या.” पोरांना लग्न करून टाकायचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी लग्न झालेला पेशंट बघावा, असं मला तेव्हापासून वाटतं. फी सातशे.

दुसरे गृहस्थ डॉक्टर नव्हते, पण त्यांच्या नावामागे डॉक्टरांच्या दुप्पट अक्षरं होती. ते ‘शंभर टक्के बदल’ घडवून आणत. मनाचं प्रोग्रॅमिंग, आहारात कांदा बंद, आणि सत्रांचं पॅकेज. पहिल्या सत्रात त्यांनी मला आडवं केलं, पंखा बारीक केला आणि म्हणाले, “डोळे मिटा. तुम्हाला मनापासून आवडणारी एखादी नटी डोळ्यांसमोर आणा.” मी मनापासून प्रयत्न केला. सुलोचनाबाई आल्या. डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. जवळ येऊन त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, “जेवलास का रे बाळा?” मला हुंदका फुटला. गृहस्थांनी वहीत ‘केस अवघड’ असं लिहिलं आणि पॅकेज दुपटीचं केलं. मी आगाऊ पैसे मोजले आणि पावती मागितली. पावती देत नाही म्हणाले.

तिथे माझ्यातला क्लेमवाला जागा झाला. जो पावती देत नाही, तो कुठला तरी कागद लपवतोय. त्या रात्रीपासून मी कागद शोधायला लागलो, आणि सांगतो, इतके सज्जड कागद मला नोकरीतही मिळाले नव्हते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं १९७३ साली. जागतिक आरोग्य संघटनेनं काढलं १७ मे १९९० ला. आपल्याकडच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं हा आजार नाही असं जाहीर केलं २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी, दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीचा मामला कलम ३७७ मधून बाहेर काढला. म्हणजे ज्याची एक्स्पायरी कधीच उलटून गेली होती, ते निदान मला पंखा बारीक करून विकलं जात होतं.

सगळ्यात जीव रमला तो मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या एका प्रकरणात. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींवर प्रेम जडलं म्हणून, घरच्यांच्या भीतीनं चेन्नईला पळून आल्या होत्या. प्रकरण न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आलं. आपल्यालाच या विषयाची नीट जाण नाही, असं न्यायमूर्तींनी भर न्यायालयात सांगितलं आणि निकाल लिहिण्याआधी ते स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे बसून शिकून आले. मग जो आदेश दिला त्यात असल्या ‘बदलाच्या’ उपचारांना मनाई होती, आणि त्याच प्रकरणातून पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलं की असा उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. वाचून मला भरतं आलं. न्यायमूर्तीसुद्धा आधी स्वतः जाऊन बघून आले होते! फरक एवढाच की ते बरोबर ठिकाणी गेले.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर मी कादंबरी म्हणून वाचला. कलम १८ प्रमाणे कोणाचा लैंगिक कल काय आहे यावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. कलम २३ प्रमाणे पेशंटचं गुपित गुपितच राहायला हवं. कलम ११५ सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही. आणि कलम २१ मध्ये विमा कंपन्यांना बजावलंय की शरीराच्या आजाराला विमा देता तसाच मनाच्या आजारालाही द्या. हे वाचून जुन्या सवयीनं मी आधी पळवाट शोधली. सापडली नाही. मग आनंद झाला.

या सगळ्याच्या प्रती काढून, प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून, वर स्टिकर डकवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे आता सगळं आहे, फक्त डॉक्टर नाही. शेवटी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केलेली सेवा. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही. हिला ऐकू जाऊ नये म्हणून मध्यरात्री खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून बोललो. पलीकडच्या बाई म्हणाल्या, नाव सांगायची गरज नाही. मी नाव, पत्ता, जन्मतारीख आणि निवृत्तीच्या वेळचा हुद्दा सांगितला. मग म्हणालो, “माझा एक मित्र आहे.”

“बरं, मित्राबद्दल सांगा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात टेकडीवरचं कुतूहल औषधालाही नव्हतं, त्यामुळे दोन मिनिटांत मित्राचा भाचा झाला आणि सगळं बाहेर आलं. ‘जेवलास का’पर्यंत. तो प्रश्न चांगलाच होता, त्या म्हणाल्या, पण त्याच्यापुढचाही विचारा. सरळ विचारा, की तुला मरावंसं वाटतं का, तसं काही मनात योजलं आहेस का. विचारल्यानं ते कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, धोक्याचं काही हाताशी ठेवू नका, आम्हाला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. आणि समुपदेशक तुम्ही निवडू नका, त्याला निवडू दे. त्यानं आधी फोनवरच तीन गोष्टी विचाराव्यात: तुम्ही याला आजार समजता का, अशा लोकांबरोबर तुम्ही काम केलंय का, आणि मी सांगेन ते माझ्या घरच्यांना सांगाल का. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचा नंबर लावायचा.

मी सगळं पेट्रोलच्या पावतीमागे लिहून घेतलं. आभार मानले. तेव्हा बाई म्हणाल्या, “आणि काका, तुमचं काय? तुम्ही झोपता का?”

एवढ्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी बोलायला लागलो तो थांबेचना. बीपी, बेबी, सुलोचनाबाई, सगळं सांगितलं, आणि शेवटी भडभडून येऊन स्टीअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजला. डोकं उचलेना, म्हणून वाजतच राहिला. चारही मजल्यांवर दिवे लागले, वॉचमन टॉर्च घेऊन धावला, सेक्रेटरी लुंगी सावरत बाल्कनीत आले, आणि पलीकडून बाई शांतपणे विचारत होत्या, “काका, तुम्ही गाडी चालवताय का? आधी बाजूला घ्या बघू.”

सकाळी मी फाइल घेऊन भाच्यासमोर बसलो. ही शेजारी मेथी निवडत होती, पण आता आडपडदा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. चष्मा पुसला, श्वास घेतला आणि सरळ विचारलं, “तुला मरावंसं वाटतं का?”

“त्या रात्री वाटत होतं,” तो म्हणाला. “आता नाही तितकं. वाटलं तर सांगेन, मामीला तसं कबूल केलंय.”

“मामीला?”

हळूहळू असं उघड झालं की इथे आल्याच्या पहिल्याच सकाळी, मी टेकडीवर मित्राची माहिती देत असताना, पोरानं हिला सगळं सांगितलं होतं. ही म्हणाली होती, बरं झालं बोललास, आणि मग मेथीची काडी बाजूला टाकत हिनंही हाच प्रश्न विचारला होता, चष्मा न पुसता. दुपारी त्यानं टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या आयकॉल या हेल्पलाइनला फोन केला. २०१२ सालापासूनची सेवा, माणसं शिकलेली. तिथून धागा धरत त्यानं या विषयाचं खास प्रशिक्षण घेतलेल्या एका समुपदेशक बाई शोधल्या, त्यांना त्याच्या पद्धतीनं पारखलं, आणि नेमानं बोलायलाही लागला होता. झोप लागत होती. बेबीला ‘सध्या स्थळं थांबव’ एवढं सांगून झालं होतं.

“मग मला का नाही सांगितलंत?”

“अहो,” ही म्हणाली, “तुम्ही घरात कुठे होतात?”

मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, “खालच्या बायका मला विचारतात, वहिनी, कसं हो सहन करता तुम्ही? मी म्हटलं, तीस वर्षं झाली. सवय आहे.”

हे पुरतं समजायच्या आत फोन वाजला. बेबी. हात ओले होते म्हणून हिनं स्पीकर लावला.

“दादा, मला कळलंय सगळं,” बेबी रडत होती. मुख्याध्यापकांचे साडू सांगलीत विश्रामबागला राहतात, बेबीच्याच गल्लीत. “तू काही बोलू नकोस. एवढी वर्षं मनात ठेवलंस रे, मला एका शब्दानं सांगायचं होतंस! तू माझा भाऊ आहेस. तू असशील तसा अस, मला काही फरक पडत नाही. लोक गेले उडत.”

समोर भाचा कपबशी हातात धरून बसला होता. त्याची आई बोलत होती. मी विचार केला. टेकडीवर मी जर खरं नाव घेतलं असतं, तर विश्रामबागेत ते त्याच्या आधी पोचलं असतं, आणि आत्ता नाही म्हणालो, तर ‘मग मित्र कोण?’ असं मोजत मोजत बेबी बरोबर घरी पोचणार होती. एक दावेदार फेटाळला की लोक दुसरा शोधतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

“बेबी,” मी म्हणालो, “तुझं मन फार मोठं आहे गं.”

क्लेम मंजूर केला.

त्यानंतर त्यानं घरी सांगितलं ते स्वतः, स्वतःच्या वेळेला, समुपदेशक बाईंशी नीट बोलून, दिवाळी उलटल्यावर सांगलीला जाऊन. भावाच्या बाबतीत बेबीला फरक पडला नव्हता. मुलाच्या बाबतीत पडला. मेव्हण्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. बेबी कोणाची नजर लागली इथपासून कुठल्या कॉलेजात घातलं इथपर्यंत सगळं बोलली आणि मग त्याच्याशी बोलायचीच थांबली. आमच्याकडे ते दिवस वाईट गेले. त्याला एकटं ठेवलं नाही, आणि माझ्या पावतीमागचे नंबर हिनं फ्रिजवर लावले. पाटबंधारेवाल्यांनी ‘स्वीकार’चं नाव सुचवलं, अशा मुलांच्या पालकांनी मुंबईत २०१७ साली सुरू केलेला गट. बेबीनं आधी त्यांचा फोन घेतला नाही, मग घेतला, आणि आता तिथल्या एका आईशी ती इतका वेळ बोलते की मेव्हण्यांना चहा स्वतः करून घ्यावा लागतो. लेकाला फराळाचा डबा पाठवला तो दिवाळी संपून महिना झाल्यावर. चकल्या मऊ पडल्या होत्या. त्यानं सगळ्या संपवल्या.

परवा रात्री तिचा मला फोन आला. आवाज बारीक.

“दादा, विचारू का एक? म्हणजे, तुम्ही दोघंही?”

आता तरी खुलासा करावा म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या भाच्यानं फोनवर हात ठेवला.

“राहू दे मामा,” तो म्हणाला. “एकट्यापेक्षा दोघं असलो की आईला सोपं जातंय.”

तेव्हा सांगलीत माझी केस अजून उघडीच आहे.